म्हातारीवर धरलेले चार पत्रे

त्या दिवशी वढ्याकाठी आमी सात जनं हुतो. नावं सांगते, कुनाचं सुटाय नको. माझी सासू धोंडाबाई, ती सरनावर. पन तिलाबी मोजते, कारन सगळं तिच्यासाठीच चाललं हुतं. माझा दीर बबन. बबनची बायकू छाया. नामदेव बुवा, वाडीत सगळ्यात वडील, जलमाचं-मरनाचं त्यांना इचारून करायचं. बुवांची बायकू पारूबाई. गुडघ्यानं लंगडनारा लक्ष्मन. आन मी, सोनाबाय. बाकीचे बाप्ये उरवड्याला कंपनीत गेलेले ते तिकडंच अडकले, कारन खालच्या फरशीच्या पुलावरनं पानी चाललं हुतं. माझा ल्योक किसनबी त्यांच्यातच.

मी सांगते आन सूनबाई लिवती. मी तिसरीत शाळा सोडली. सही येती, एस्टीची पाटी वाचाय येती, तेवढ्यावर जलम गेला. दिवाळीच्या अंकवाल्यांनी निरोप धाडला, आजी तुमच्या कामाबद्दल सांगा. माझं काम म्हंजे शेड. दुसरं मला काय सांगाय येनार न्हाई.

मी लगीन होऊन या वाडीत आले तवा शेड हा शबुदच हितं नव्हता. गोठा हुता, खोप हुती, मांडव हुता, पडवी हुती. मंग पत्रा आला आन समद्याची शेड झाली. रस्त्याच्या कामावर गेले, तर मुकादम म्हनायचा भाकरी शेडमधी ठिवा. ती शेड म्हंजे सिमेटच्या गोन्या ठिवायची जागा. दुपारी भाकरी खायची तर दातात सिमेट कचकच करायचं. उरवड्याला झाडू मारायला लागले, तितली शेड येवढी मोठी की आमची वाडी आत बसंल आन वर देवळाचा कळसबी मावंल. आत पंखं, दिवं, मशिनीचा आवाज. तितं मी दोन वरीस झाडलं, पन एका टोकापासनं दुसऱ्या टोकाला पोचूस्तवर पयलं टोक पुन्यांदा घान झालेलं असायचं.

मंग एका फारमहाऊसवर हुते. साहेबांनी तीन गाड्यांला एक शेड केलेली आन कुत्र्याला एगळी. कुत्र्याच्या शेडला पंखा. झाडून झालं की उनाचं मी तितंच टेकायची. कुत्रं बिचारं सरकून जागा द्यायचं. मॅडमनी एकदा बघितलं तवा म्हनल्या, मावशी, त्याची सवय बिघडेल. मी म्हनलं व्हय, आन उठले. माझी सवय बिघडल असं कुनी म्हनलं न्हाई.

पन माझं खरं काम कोंबड्यांच्या शेडवर झालं. माले गावाच्या अल्याड, रस्त्याकडंला तात्यांची जिमीन. सूनबाई इचारती, आत्या, तात्यांचं नाव लिवू का? म्हनलं, तात्याच लिव, तालुक्यात दर चार घरामागं एक तात्या हाय, ज्याला लागंल त्याला लागंल. तर या तात्यांच्या शेडवर मी एकोनीस वर्सं हुते.

लोकास्नी वाटतं कोंबड्या सांभाळनं म्हंजे दानं टाकायचं. तसं न्हाई. एका दिसाची पिल्लं खोक्यात भरून येत्यात, हाताच्या मुठीत मावतील अशी. त्याच्या आधी खाली भाताचं तूस पसरायचं, त्यावर कागूद, भवती पत्र्याचं गोल कडं, वर बल्ब. पयलं गुळाचं पानी. मंग बघत बसायचं. पिल्लं बल्बाखाली एकमेकाच्या अंगावर चढाय लागली म्हंजे त्यास्नी थंडी वाजती. कड्याला चिकटून चोची उघडून बसली म्हंजे उकडतंय. सारखी पसरली, खायाला लागली, म्हंजे बरं चाललंय. भवतीचं पोत्याचं पडदं त्या हिशेबानं वर करायचं, खाली करायचं. दिवसातनं धा येळा. मला घड्याळ लागत न्हाई आन तापमानाचं यंत्र लागत न्हाई. दारात हुबं ऱ्हायलं की आवाजावरनं कळतं की आत कायतरी बिनसलंय. डॉक्टर यायचा तो म्हनायचा, मावशी तुमीच सांगा काय झालंय, मी औषद लिवतो.

या कामानं येक खोड लागली, माझं बूड टेकत न्हाई. कुटंबी बसले तरी कान तिकडं. लगनात जेवाय बसले तरी वाटतं पडदा खाली करायचा ऱ्हायला. आजबी सांगता सांगता चारदा उठून आले. सूनबाई म्हनती, आत्या, बसा की, आता कोंबड्या न्हाईत. कोंबड्या न्हाईत हे मलाबी ठावं हाय.

आता त्या दिवसाचं.

सासू गेली तवा पाऊस लागून आठ दिस झालं हुतं. आमच्याकडचा पाऊस कसा असतो ते पुन्याहून धबधबा बघाय येनाऱ्यास्नी अर्धंच ठावं हाय. ते भिजत्यात आन घरी जात्यात. म्हातारी पहाटं गेली. दुपार झाली, दुसरा दिस उजाडला, पावसानं उघडीप दिली न्हाई. आमच्या वाडीच्या मसनवटीला शेड न्हाई. वढ्याच्या कडंला नुसता दगडाचा कट्टा हाय. जागा कुनाच्या नावावर हाय ते ठरंना म्हनून कागूद फिरतोय. तवाबी फिरत हुता, आजबी फिरतोय. म्हातारी घरात, भवती बायका, आन आता वास सुटंल म्हनून जो तो दुसऱ्याकडं बघतोय.

लाकडं तशी गोठ्यात सुकी हुती. पन वर काय धरायचं? वाडीत पत्रे घरोघरी हायेत, पन आमच्यात रीत हाय. जी वस्तू मसनात गेली ती पुन्यांदा घरावर येत न्हाई. बांबू असू दे, दोरी असू दे, तितंच टाकून यायचं. मंग असल्या पावसात कोन आपल्या घरावरचा पत्रा काढून देनार? मी कुनाला नाव ठिवत न्हाई. माझ्या पडवीवर चार पत्रे हुते, मीबी ते काढलं न्हाईत. पडवीत सरपान हुतं, दोन शेरडं हुती. हे लिव, म्हनलं सूनबाईला. हे मेन हाय.

मला तात्यांच्या शेडवरचे पत्रे आठवले. तात्यांनी चार नवे पत्रे आनून शेडच्या बाजूला उभे करून ठिवले हुते. त्यांची राखन माझ्याकडंच. फोन लावला तर रेंज न्हाई, लाईट दोन दिस गेलेली. मी आन बबन गेलो आन डोक्यावर घेऊन आलो. एकोनीस वर्सांत मी त्या शेडवरनं मेलेली कोंबडीसुदिक न इचारता उचलली नव्हती.

आमच्यात बायका मसनात जात न्हाईत. बुवा दारात हुबं ऱ्हाऊन मानसं मोजाय लागलं. तीन बाप्ये. चार पत्रे बांबूला तारेनं बांधलेले, ते धरायला पाच जनं तरी पायजेत, अग्नी देनारा एगळा. बुवांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

"बायांनो, चला," ते म्हनले. "आज हाताचं काम हाय, पाप लागलं तर मला लागंल."

चिखलात बांबू रवत नव्हतं, म्हनून आमीच खांब झालो. बबननं अग्नी दिला. खाद्याची रिकामी पोती मी शेडवरनं आनली हुती, ती वल्ली करून हाताला गुंडाळली आन पत्र्याच्या कडा धरल्या. पयल्यांदा धूर डोळ्यात. मंग जाळ वर आला तसा पत्रा तापला आन खालनं निळा-काळा पडाय लागला, कढईचं बूड पडतं तसा. वर पाऊस वाजतोय, खाली जाळ वाजतोय, एकमेकाचं बोलनं ऐकू येईना. पारूबाई थकली की लक्ष्मन तिची कड धरायचा, लक्ष्मनचा गुडघा गेला की छाया. माझ्या डाव्या तळहातावर अजून पांढरा वन हाय. दुपार कलली तवा म्हातारी नीट जळाली. जलमभर ती मला म्हनायची, सोने, तुझ्या हातात जोर न्हाई.

बुवा म्हनले, आता पत्रे हितंच सोडा. मी म्हनलं, बुवा, ते माझे न्हाईत. तात्यांचे हायेत. बुवा म्हनले, मंग तात्याला सांग की सोडले. हितं माझी चूक झाली. मला वाटलं, इस्वास ठिवून मानसानं पत्रे माझ्याकडं दिले, ते वढ्याकडंला टाकून येऊ? मी आन बबननं ते वढ्यातच राखेनं घासले, गोमूत्र शिपडलं आन हुते तितं नेऊन उभे केले. काळं काय निघालं न्हाई. माझ्या मनात आलं, तात्या हे खताच्या खड्ड्यावर टाकतील न्हाईतर कोंबड्यांच्या शेडला जोडतील. कोंबडीला काय?

तात्या आले तवा मी सांगितलं, म्हातारीसाठी पत्रे नेले हुते, परत आनून ठिवले. त्यांना वाटलं घर गळत हुतं म्हनून नेले. म्हनले, नेले तर नेले, त्यात काय सांगायचं. कुटं नेले हुते ते मी बोलले न्हाई. अर्धंच सांगितलं. दुसऱ्या अर्ध्यानं मंग मला लई फिरवलं.

पुढच्या वर्साला तात्यांनी कोंबड्या बंद केल्या. कंपनीवाले पोरं-पोरी, बाहेरगावची, खोल्या मागत हिंडतच हुती. तात्यांनी शेडच्या मधी इटांच्या भिती घातल्या आन रूमा केल्या. जितं मी पिल्लांचं कडं मांडायची तितं आता गॅस आन पलंग. मला म्हनले, तू जाऊ नको कुटं, अंगन झाड, टाकी भर. म्हंजे काम बदललं, शेड तीच. शेवटाला एक रूम कमी पडत हुती ती नव्यानं बांधली. त्या आठवड्यात मी बहिनीकडं गेले हुते. परत आले, झाडू घेतला, शेवटच्या रूमच्या दारात गेले आन वर बघितलं. चारी पत्रे. निळ्या-काळ्या पोटाचे. पावसाचं पानी न जळालेल्या बाजूवर पडावं म्हनून बसवनाऱ्यानं काळी बाजू खाली केली हुती.

त्या रूममधी गीता ऱ्हायला आली. ओरिसाकडची. नवरा उरवड्याला पाळीत कामाला. पोरीला सातवा म्हैना. आल्या आल्या तिनं वर बोट केलं.

"मौसी, ये ऊपर काला क्यों है?"

मी म्हनलं, चूल हुती इधर, धुवाँ. माझी हिंदी अशीच. ती हसली आन भांडी लावाय लागली.

तवापासनं मला चैन न्हाई. टाकी भरायला गेले की त्या दारापुढनं जायचं. ती पलंगावर उतानी पडलेली, नजर वर. तिला गरमी सोसंना, म्हनून दारात येऊन बसायची, परत आत जायची, परत भाईर. मला पिल्लं आठवायची. कड्याला चिकटनारी. मला ठावं हाय की पत्रा तापतो म्हनून उकडतं, सगळ्याच रूमा तापत्यात. पन मन ऐकंना. आमच्यात बाळंतिनीच्या खोलीला किती जपत्यात. मसनातनं आलेल्या बाप्याला अंगोळ केल्याबिगर आत घेत न्हाईत. आन मी मसनवटीचं छप्पर जलमाला येनाऱ्या लेकराच्या डोक्यावर ठिवलं. ठिवलं मी न्हाई, पन सांगितलं न्हाई म्हंजे मीच ठिवलं. भाकरी थापताना मधीच तवा सोडून भाईर जायची. किसन म्हनायचा, आई, तुला काय झालंय? म्हनायची, काय न्हाई, पडदा वाजतोय वाटतं.

एक दिस तात्यांना गाठलं आन सगळं सांगितलं. ते स्कूटरवर बसल्या बसल्या ऐकत हुते. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मंग ते इकडं तिकडं बघाय लागले.

"सोनाबाय, हे अजून कुनाला बोललीस का?"

"न्हाई."

"मंग बोलू नको. धा रूमा रिकाम्या होतील. पत्र्याला काय कळतंय कुनावर धरलेला."

मी म्हनलं, पत्र्याला कळत न्हाई, मला कळतंय. ते म्हनले, मंग तू डोळं मिटून झाडत जा. आन गेले.

मी चार दिस गप झाडलं. पाचव्या दिशी गीतानं हाक मारली. पोटाला हात लावून म्हनली, मौसी, बच्चा बहुत घूमता है, सोने नहीं देता. मी झाडू भितीला लावला. मी उंबऱ्यात बसले आन तिला समदं सांगितलं. जेवढी हिंदी येती तेवढ्यात. माझी सास, बारिश, आग, ये पत्रा ऊपर पकडा. हात दावला, वन दावला. वर बोट केलं.

मला वाटलं ती रडंल न्हाईतर मला शिव्या देईल. तिनं वर बघितलं. मंग उठली, चादर घेतली, उशी घेतली, देवाचा फोटू घेतला, आन माझ्या अंगावरनं वलांडून भाईर आली. समोर रस्त्यावर एस्टीची शेड हाय, थांब्याची, तितं बाकड्यावर जाऊन बसली. पानी दिलं, घेतलं न्हाई. एवढंच म्हनली, "आपने पहले दिन झूठ क्यों बोला?"

मी म्हनलं, डर लगा. ती तोंड फिरवून बसली.

दुपारी तिचा नवरा पाळीवरनं आला. भांडान झालं. बाकीच्या रूमांतली पोरं गोळा झाली, जो तो आपल्या डोक्यावरचा पत्रा बघाय लागला. तात्या आले. मला म्हनले, तुझं पोट भरलं का आता? एकोनीस वर्सं खाल्लंस त्याचं हे पांग फेडलंस? त्यांचं बोलनं संपल्यावर मी म्हनलं, माझ्या पडवीवर चार पत्रे हायेत. ते आनून हिच्या रूमला घाला. हे मला द्या. बबन बसवील, तुमाला खर्च न्हाई.

भांडान ऐकून बबनबी आला हुता. बबन म्हनला, वयनी, येडी झालीस का, हे आपल्या घरावर? बुवा काय म्हनतील? मी म्हनलं, म्हातारी कुनाची हुती? आपली. मंग तिचा पत्रा आपल्याच डोक्यावर ऱ्हाऊ दे. परक्याच्या लेकीला कशाला?

त्याच दिशी उनं उतरायच्या आत पत्रे बदलले. माझे पत्रे जुने, गंजलेले, तीन ठिकानी भोकं, डांबर लावून बुजवलेली. गीताचा नवरा वर बघून म्हनला, मौसी, ये तो टपकेगा. गळतील हे खरंच हुतं. वाडीतले लोक हसले, सोनाबायनं गळके देऊन नवे घेतले, सौदा बरा केला. छाया म्हनली, हसू द्या जाऊबाय, त्यांना एवढं तरी हसाय मिळू द्या.

गीता आत गेली. दोन म्हैन्यांनी तिला मुलगी झाली, पौडाच्या दवाखान्यात, धडधाकट. मी बारशाला गेले न्हाई, बोलावलं नव्हतं. पन एक दिस ती पोरीला घेऊन वाडीवर आली, रस्ता इचारत इचारत. पडवीत बसली. वर बघितलं. मंग पोर माझ्या मांडीवर दिली आन पानी मागितलं. या येळी घेतलं.

तात्यांनी मला कामावरनं काढलं. मी त्यांना दोष देत न्हाई. खरं सांगायचं तर मी पयल्याच दिशी पुरं सांगायला पायजे हुतं, त्यांचं नुकसान झालं नसतं आन ती पोर चादर घेऊन रस्त्यावर बसली नसती. हे मला सलतं. बुवा आता आमच्यात चा घेत न्हाईत. भाईर दगडावर बसत्यात, हाल-हवाल इचारत्यात, पन पडवीत पाय ठिवत न्हाईत. ते त्यांच्या जागी बरोबर हायेत. रीत त्यांनी मोडली ती एका दिसापुरती, मी कायमची मोडली.

मी पडवीतच ऱ्हाते. खाटंवर पडलं की ते निळं-काळं दिसतं. भ्या वाटत न्हाई. म्हातारी जिती असताना बी माझ्या डोक्यावरच बसलेली असायची. फकस्त पाऊस लागला की मला झोप न्हाई. पत्रा वाजला की मी उठून बसते आन वाडीत कोन म्हातारं हाय, कोन आजारी हाय ते मोजाय लागते. पारूबाई आता खाटंला खिळलीया. परवा तिनं मला जवळ बोलावलं आन इचारलं, सोने, माझ्या येळंला पत्रे कुनाचे आनशील गं?

म्हनून हे सांगून लिवून घेतलंय.

जे कोन वाचंल त्याला माझं एकच मागनं हाय. आमच्या वढ्याकाठच्या कट्ट्यावर पावसाळ्याआधी चार खांब हुबे करून द्या. पत्रे आनू नका. पत्रे माझ्या पडवीवर हायेत.